अर्नाळ्याच्या बाबूरावांची हजार पुस्तकं

विरारला पश्चिमेला उतरून बोळिंज, आगाशी मागे टाकलं की रस्ता सरळ समुद्रापाशी जाऊन संपतो. ते आपलं अर्नाळा. समोर पाण्यात किल्ला, जवळच कालिकामातेचं देऊळ, किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेली. १७३७ मध्ये पेशव्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, हे शाळेच्या सहलीत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ह्याच गावाचं नाव एका माणसाने महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाचनालयाच्या कपाटात नेऊन ठेवलं, हे सहलीत कुणी सांगत नाही. तो माणूस म्हणजे बाबूराव अर्नाळकर. आता आपला पालघर जिल्हा वेगळा झाला आहे, १ ऑगस्ट २०१४ पासून. तेव्हा बाबूरावांवर पहिला हक्क आपलाच, असं मी तरी धरून चालते!

त्यांचं खरं नाव होतं चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ सालचा. अर्नाळकर हे लिहिण्यासाठी घेतलेलं नाव, गावावरून. आपल्याकडे आडनावाला गाव चिकटवायची पद्धत जुनीच, पण ह्या गृहस्थांच्या बाबतीत असं झालं की चव्हाण कुठल्या कुठे गेले आणि अर्नाळकर तेवढे उरले. आजही एखाद्या आजीला चंद्रकांत चव्हाण कोण म्हणून विचारा, ती मान हलवेल. बाबूराव अर्नाळकर म्हणा, लगेच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी चमकतं. पाठोपाठ झुंजार येतो, काळा पहाड येतो, धनंजय आणि त्याचा तो छोटू येतो.

लिहायला लागण्याआधीची त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मिठाच्या सत्याग्रहात ते पडले आणि तुरुंगात गेले. तो १९३० च्या आसपासचा काळ. गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं आणि आपल्या साऱ्या किनारपट्टीत वारं शिरलं. मिठागरं तर आपल्या दारातच, वसईपासून डहाणूपर्यंत. स्वतःच्या समुद्राचं मीठ घेतलं म्हणून पोलीस धरतात, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं. आता विचार करा, ज्या माणसाला कायद्याने गुन्हेगार ठरवलं आणि गावाने शूर ठरवलं, तो माणूस पुढे जन्मभर चोर आणि पोलिसांच्या गोष्टी लिहितो. त्याच्या गोष्टींतले चोर साधे चोर कसे असतील?

आणि ते नव्हतेच. काळा पहाड घ्या. रात्री काळ्या वेषात हिंडणारा, पोलिसांना हुलकावण्या देणारा, पण लुटायचं ते लबाडांना. वाचणारी बाई मनातून त्याच्या बाजूने असायची आणि पोलीस जवळ आले की तिचाच जीव खालीवर व्हायचा. झुंजारचंही तसंच. कायद्याच्या ह्या बाजूला की त्या बाजूला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. धनंजय मात्र सरळमार्गी गुप्तहेर, सोबत छोटू. कुणाला झुंजार आवडायचा, कुणाला धनंजय, त्यावरून भावंडांत भांडणं व्हायची. साबणाच्या वासावरून आजोळची आठवण यावी तशी ह्या नावांवरून आमच्या आधीच्या पिढीला त्यांची उन्हाळ्याची सुट्टी आठवते.

बाबूरावांचं चष्म्याचं दुकान होतं, मुंबईत गिरगावात. पोटापाण्याचा धंदा तो, आणि पुस्तकं लिहिण्याचा उद्योग त्याच्या जोडीला. मला ह्या जुळणीची फार गंमत वाटते. एकीकडे लोकांना बारीक अक्षरांतली पुस्तकं रात्र-रात्र वाचायला लावायची आणि दुसरीकडे चष्मे विकायचे! पण गंमत सोडा, दुकानदारी ही माणसं वाचायची मोठी शाळा असते. गिऱ्हाईक समोर बसतं, डोळे मोठे करून बघतं, घरच्या अडचणी बोलून जातं. पैसे कमी आहेत, मुलीचं लग्न आहे, भावाने वाट्याचं दिलं नाही. गिरगाव म्हणजे तेव्हा चाळींचं गाव. एका मजल्यावर बारा बिऱ्हाडं, भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येणार. गुपित ठेवायला जागाच नाही, म्हणून गुपिताची किंमत जास्त. रहस्यकथा लिहिणाऱ्याला ह्याहून चांगली वस्ती कुठली मिळणार?

१९४० च्या दशकात त्यांचं नाव घरोघरी पोचलं. त्यांच्या आधी मराठीत अद्भुत आणि साहसाच्या कादंबऱ्या होत्याच. नाथमाधवांच्या वीरधवलवर एक पिढी पोसली होती, दातारशास्त्रींच्या कादंबऱ्या होत्या. पण त्यांत राजवाडे, तळघरं, भुयारं. बाबूरावांच्या गोष्टींत मोटारगाडी आली, टेलिफोन आला, आजची मुंबई आली. इंग्रजी रहस्यकथांवरून त्यांनी बरंच घेतलं, हे काही लपलेलं नाही. तिकडे एडगर वॉलेससारखे लेखक असंच भराभर लिहीत होते. पण घेतलेलं कापड इथल्या अंगाला शिवायचं तर शिंपी हुशार लागतो. लंडनचं धुकं जाऊन गिरगावची चौपाटी आली, साहेबाचा नोकर जाऊन छोटू आला, आणि वाचणाऱ्याला कुठेही टाका दिसला नाही.

किती लिहिलं? हजाराच्या वर. हजार हा आकडा आपण तोंडाने सहज म्हणतो, म्हणून जरा हिशोब करून बघा. चाळीस-पन्नास वर्षांत वाटून टाकलं तरी महिन्याला जवळजवळ दोन पुस्तकं येतात. तीही दुकान सांभाळून. आपल्याला महिन्याचा किराणा लिहायचा तरी दोनदा उठावं लागतं. घरात एवढं लिहिणारा माणूस असला की त्या घराची घडी कशी बसत असेल, कुणाचं जेवण थांबत असेल, कोण पोरांना गप्प बसा म्हणत असेल, हे प्रश्न माझ्या मनात येतातच. लेखकांच्या चरित्रांत ही माणसं सहसा सापडत नाहीत.

आता खरी गोष्ट सांगते. ह्या पुस्तकांवर बायकांचा जीव होता आणि ह्याच पुस्तकांची त्यांना लाज वाटायला लावली गेली. पुस्तक लहान, पातळ, स्वस्त. विकत घेणारे थोडे, वाचनालयातून आणणारे फार. महिन्याची वर्गणी, थोडी अनामत, एका वेळी एक पुस्तक. पुस्तक आणायला बहुतेक घरचा मुलगा जायचा, कारण बाई स्वतः कपाटासमोर उभी राहून काळा पहाड मागणार कशी? मुलाला बजावून पाठवायचं, वरती एखादं संतचरित्र ठेवून आण म्हणून. दुपारी सगळे जेवून पांगले, भांडी पालथी घातली, की तास-दीड तास मिळायचा. तेवढ्यात पुस्तक संपवायचं, कारण संध्याकाळी तेच घरातल्या आणखी दोघांना हवं असायचं. पोथीच्या खाली, तांदळाच्या डब्यात, गादीखाली, कुठे कुठे म्हणून ती लपली. साहित्यातल्या मोठ्या माणसांनी ह्या पुस्तकांना वाङ्मय म्हटलं नाही. संमेलनांत त्यांची चर्चा नाही, अभ्यासक्रमात जागा नाही. वाचनाची गोडी लावली एवढं प्रमाणपत्र पुष्कळांनी पुढे दिलं, पण तेही लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं.

मला वाटतं, त्या बायकांना दुपारच्या त्या तासात काय मिळत होतं ते कुणी नीट विचारलंच नाही. वेळ घालवायला तर शेजारीण होती. पण रहस्यकथा वाचताना बाई शंका घ्यायला शिकते. हा गोड बोलतोय, तो कशासाठी? कागदावर सही कुणाची आहे? इस्टेट कुणाच्या नावावर जाणार? खोटं मृत्युपत्र, पळवलेली तिजोरी, सालस दिसणारा काका, हे त्या काळच्या रहस्यकथांचं ठरलेलं सामान. आणि आपल्या घरांतलंही तेच होतं की! ज्या बाईला नवऱ्याच्या माघारी दिरांनी कोऱ्या कागदावर अंगठा उठवायला लावला, तिला ते सामान अगदी ओळखीचं होतं. फरक एवढाच की पुस्तकात शेवटच्या पानावर लबाड पकडला जायचा. आणि झुंजारबरोबर विजया असायची, त्याची बायको, त्याच्या धाडसातली भागीदार. नवऱ्याचं खरं काम माहीत असलेली, त्याच्यासोबत घराबाहेर पडणारी बायको १९४०-५० च्या घरात बसून वाचायची, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

पण बाबूरावांचं कौतुक करताना एक उणीव सांगायलाच हवी. त्यांच्या गोष्टींतला पोलीस बहुधा उशिरा येतो. हुशारी सगळी गुप्तहेराची नाही तर त्या रुबाबदार चोराची. आपल्या ओळखीचा निळ्या गणवेशातला, पिवळ्या टोपीचा मुंबईचा हवालदार, त्याचं पोलीस ठाणं, तिथली लाकडी बाकं, तक्रार लिहून घ्यायची की नाही ह्यावरची घासाघीस, पंचनामा, पंच मिळवायची मारामार, ह्यातलं फारसं काही त्या पुस्तकांत नाही. ते त्या प्रकारच्या गोष्टींत बसतच नव्हतं. गोष्ट पळाली पाहिजे. पोलीस ठाण्यात गोष्ट पळत नाही, बाकावर बसून राहते.

बसून राहणारी ती गोष्ट सांगायचं काम दूरच्या एका जोडप्याने केलं. स्वीडनमधले माय शोवाल आणि पेर वालू. १९६५ ते १९७५ ह्या दहा वर्षांत दोघांनी मिळून दहा कादंबऱ्या लिहिल्या, मार्टिन बेक नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या. पत्रकार होती दोघं. मुलं झोपली की रात्री लिहायला बसायची, एक प्रकरण तिने, एक त्याने. त्यांचा पोलीस रुबाबदार नाही. त्याचं पोट बिघडतं, संसार धड नाही, तपास आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. आणि तपास करता करता ज्या घरांत तो शिरतो तिथलं दारिद्र्य, एकटेपण, सरकारचा कोडगेपणा वाचकासमोर येतो. खून कुणी केला हे कळेपर्यंत, तो होण्याची वेळ कुणी आणली हेही कळलेलं असतं. शेवटचं पुस्तक आलं त्याच वर्षी, १९७५ मध्ये, वालू गेला. जगभरच्या पोलीस कादंबऱ्यांवर त्या दहा पुस्तकांची छाया आहे. एकाच वेळी बाबूराव इथे आणि ही दोघं तिथे लिहीत होती, एकमेकांची नावंही कानांवर न येता. एकाने चोराला माणूस केलं, दुसऱ्यांनी पोलिसाला.

तशी कादंबरी आपल्याकडे का हवी होती, ते त्याच वर्षांतल्या एका खऱ्या घटनेवरून समजतं. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोप खुद्द पोलिसांवर. खटला वर जात जात सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि तिथे दोघेही पोलीस सुटले, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, म्हणजे तिची संमती असावी. चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये न्यायालयाला जाहीर पत्र लिहिलं, देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. पोलीस कोठडीतल्या अशा गुन्ह्यात, संमती नव्हती असं बाईने सांगितलं तर न्यायालयाने ते धरून चालावं, असं ठरलं. आपल्या जव्हार, विक्रमगड, तलासरीच्या पाड्यांवरच्या मुलीसाठी ह्या एका बदलाचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको. काळा पहाड त्या ठाण्यात कधी गेला नसता. गेलाच असता तर तिजोरी फोडून आला असता. तिथल्या नोंदवहीत काय लिहिलं आहे, हे त्याने पाहिलं नसतं.

त्याच १९८३ सालात सासरच्या छळाचं ४९८अ कलम आलं. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर चौकशी फक्त पोलिसांवर सोडायची नाही, दंडाधिकाऱ्याने, म्हणजे आपल्याकडे बहुधा तहसीलदाराने लक्ष घालायचं, हेही तेव्हापासूनचं. १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम आलं. १ जुलै २०२४ पासून कायद्यांची नावं आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, पण ह्या तरतुदी नव्या कायद्यांतही आहेत. स्टोव्हचा भडका उडाला, एवढ्यावर पूर्वी फाइल बंद व्हायची. चांगली पोलीस कादंबरी वाचलेली बाई विचारते, स्टोव्हमध्ये रॉकेल किती होतं? भांडं चुलीवर होतं का? भाजलेलं अंग पुढचं की पाठचं? दार आतून बंद होतं की बाहेरून? पंचनामा म्हणजे शेवटी हेच तर प्रश्न असतात, फक्त सरकारी भाषेत. साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिचा जबाब ती राहते तिथे येऊन घ्यावा लागतो, हा नियम माझ्या ओळखीच्या कितीतरी शिकलेल्या बायकांना माहीत नाही. तोही अशाच पुस्तकांतून कळला तर काय वाईट?

असो, बाबूरावांकडे परत येते. १९६०-७० पर्यंत त्यांचं राज्य होतं. मग वाटेकरी आले. गुरुनाथ नाईक आले आणि त्यांनीही पुस्तकांचा असाच डोंगर रचला. नारायण धारपांनी भयकथा वेगळ्या उंचीवर नेली. दिवाळीला धनंजय, नवलसारखे अंक हमखास रहस्यकथा द्यायचे. इकडे आपल्या भागातही वस्ती बदलत होती. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग बोईसरची एमआयडीसी वाढत गेली, घाटावरची, विदर्भातली, परप्रांतातली कुटुंबं क्वार्टर्समध्ये राहायला आली. नवऱ्याची पाळी रात्रीची, बायको नव्या गावात एकटी, बोलायला कुणी नाही. अशा घरांत वाचनालयाचं पुस्तक किती सोबत करतं, ते ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांनाच माहीत. मग टीव्ही आला. दूरदर्शनवर एक शून्य शून्य ही मराठी मालिका लागायची, पोलिसांच्या खऱ्याखुऱ्या तपासाच्या धाटणीची. पोलीस ठाण्यातली ती बसून राहणारी गोष्ट अखेर मराठी घरात पोचली, पण पुस्तकातून नाही, पडद्यावरून. दुपारचा तास पुस्तकाकडून टीव्हीकडे गेला तो गेलाच.

बाबूराव नव्वदीपर्यंत जगले. ५ जुलै १९९६ ला ते गेले. ज्या माणसाने हजार गोष्टींचा शेवट लिहिला, त्याच्या स्वतःच्या शेवटाचा फारसा गाजावाजा झाला नाही. तोवर त्यांची बरीचशी पुस्तकं बाजारातून नाहीशीही झाली होती. स्वस्त कागद, पातळ बांधणी, शंभर हातांतून गेलेली प्रत, ती टिकणार किती? संतचरित्राच्या खाली लपवून आणलेलं पुस्तक कुणी जपून ठेवत नाही, जपायचं ते वरचं. वाचनालयांनीही पानं सुटलेल्या प्रती रद्दीत काढल्या. पुढे काही निवडक गोष्टी पुन्हा छापल्या गेल्या आणि पन्नाशी-साठीतल्या लोकांनी त्या हावरेपणाने घेतल्या. मी एकदा त्यांतली एक वाचायला घेतली. भाषा जुनी वाटली, योगायोग फार वाटले, दोन ठिकाणी हसूही आलं. पण भात लागल्याचा वास आला तेव्हाच मी वर पाहिलं.

२०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली. बोईसर, पालघरहून सकाळी निघणाऱ्या बायका आता त्या गाडीत दीड-दोन तास बसतात, जागा मिळाली तर. हातात बहुतेकींच्या मोबाईल असतो आणि कानात गोष्ट चालू असते, पुष्कळदा खुनाचीच, तपासाचीच. पुस्तक पिशवीत लपवायची आता गरज नाही. विरार यायच्या आधी वैतरणेचे पूल लागतात. तिथून खाडी पश्चिमेला वळते आणि जिथे समुद्राला मिळते तिथेच अर्नाळ्याचा किल्ला आहे. गाडीतून तो दिसत नाही.